कोंबड्यांना देवी आल्या तर: पहिल्या पुळीपासून शेवटची खपली पडेपर्यंत

तुऱ्यावर काळी खपली दिसली की बहुतेक जण पहिलं काम करतात ते ती नखानं खरवडून बघायचं. मग लेप, तेल, राख, मिळेल ते औषध. खपलीवर मेहनत चालू असते, तेवढ्यात खुराड्यातले डास बाकीच्या कोंबड्यांना चावून मोकळे झालेले असतात आणि डोळे चिकटलेली कोंबडी भरलेल्या भांड्याशेजारी उपाशी बसलेली असते.

देवी हा विषाणूचा आजार आहे. विषाणू मारणारं औषध नाही, पण बहुतेक कोंबड्या यातून आपोआप बऱ्या होतात. शिवाय हा आजार मानमोडीसारखा (राणीखेत) एका रात्रीत कळप संपवत नाही, एकेका पक्ष्याला गाठत हळूहळू पसरतो. त्यामुळे तुमच्या हातात वेळ असतो. तो कोणत्या कामावर आधी खर्च करायचा, हेच नेमकं चुकतं. क्रम असा ठेवा: ओळख, विलगीकरण, डास, लस, मग शुश्रूषा. खपली सगळ्यात शेवटी, आणि तीही शक्यतो हात न लावता.

पाच-दहापासून तीस-चाळीस पक्ष्यांपर्यंतच्या घरगुती कळपाला पुढचं सगळं लागू पडतं.

## आधी हाताशी काय हवं

कोंबडी हातात धरल्यावर शोधाशोध करत बसू नका. एका डब्यात एवढं तयार ठेवा:

- पोविडोन आयोडीनचं द्रावण
- स्वच्छ गॉज किंवा कापसाचे बोळे
- मीठ आणि उकळून गार केलेलं पाणी
- वापरून फेकायचे हातमोजे
- टॉर्च
- ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा
- पायात घालायच्या रंगीत कड्या किंवा खुणेसाठी रंगीत सुतळी
- वही

मिठाचं पाणी अंदाजानं करू नका. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट छोट्या चमच्याहून थोडं कमी. जास्त खारट झालं तर डोळ्यांची आग होते. हे पाणी रोज ताजं करा, उरलेलं टाकून द्या.

यांखेरीज एक वेगळी जागा लागेल: मोठा पिंजरा, रिकामी खोली, नाहीतर जाळी लावलेलं खोकं. ती मूळ खुराड्यापासून जितकी लांब तितकी चांगली. तिथं वारा खेळता हवा, पण डास आत येता कामा नयेत. तिचं खाद्याचं आणि पाण्याचं भांडं, झाडू आणि चपला स्वतंत्र ठेवा.

## टप्पा १: देवीच आहेत ना, याची खात्री करा

देवी दोन प्रकारे दिसतात, आणि दोन्ही प्रकार एकाच कोंबडीत असू शकतात.

कोरड्या प्रकारात पिसं नसलेल्या जागी, म्हणजे तुरा, चोचीखालच्या लाल पाळ्या, पापण्या, चोचीचे कोपरे आणि कधी पायांवर आधी बारीक फिकट फोड येतात. ते वाढून पिवळट होतात, एकमेकांत मिसळतात आणि शेवटी तपकिरी-काळ्या, खरबरीत खपल्या धरतात. साधारण तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात.

ओल्या प्रकारात तोंडात, जिभेवर, घशात किंवा श्वासनलिकेच्या तोंडाशी पिवळसर, पनीरसारखे घट्ट थर जमतात. बाहेरून काहीच दिसत नाही. कोंबडी खायला जाते, चोच मारते आणि टाकून देते. मान लांब करून श्वास घेते. जास्त कोंबड्या दगावतात त्या याच प्रकारात. म्हणून तुऱ्यावर एक जरी पुळी दिसली तरी कळपातल्या प्रत्येक कोंबडीचं तोंड उघडून टॉर्चनं बघायचं. हा तपास बहुतेक जण गाळतात.

देवी समजून फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. चोचीनं मारामारी झाली की तुऱ्यावर काळे डाग पडतात, पण ते सपाट, ओरखड्यासारखे असतात आणि बोटाला उंचवटा लागत नाही. तुऱ्यावर पांढरी पीठ भुरभुरल्यासारखी साय आली असेल तर ती बुरशी. चेहरा एका बाजूनं सुजलाय, नाकातून घाण वासाचा स्राव येतोय, तर जिवाणूंच्या सर्दीची शंका घ्या. तोंडातले पिवळे थर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं किंवा एका परजीवीमुळेही दिसतात, आणि हा फरक नुसत्या डोळ्यांनी ठरवणं कठीण असतं. शेजारच्या दुसऱ्या कोंबडीच्या तुऱ्यावर खपल्या असतील तर देवीची शक्यता वाढते. तसं काही नसेल तर पशुवैद्यकाला दाखवा.

सावधान: एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मेले, तुरा निळा-जांभळा पडला, डोकं सुजलं, मान वळली, पाय लुळे पडले किंवा हिरवट पातळ विष्ठा दिसली, तर हा लेख बाजूला ठेवा. ती लक्षणं मानमोडीची किंवा बर्ड फ्लूची असू शकतात. पक्षी हलवू नका, कापू नका, मेलेल्याला उघड्या हातानं शिवू नका. सरकारी पशुवैद्यकाला लगेच कळवा. बर्ड फ्लूची लागण माणसालाही होऊ शकते. देवीचा विषाणू माणसाला लागत नाही, आणि माणसांच्या कांजिण्यांशी त्याचा काही संबंध नाही.

## टप्पा २: त्याच दिवशी वेगळं करा

पुळ्या असलेली, खपली असलेली किंवा तोंडात थर दिसलेली प्रत्येक कोंबडी वेगळ्या जागी हलवा. "एकच तर पुळी आहे, उद्या बघू" म्हणू नका. लागण झाल्यापासून पुळी दिसायला साधारण चार ते दहा दिवस लागतात. म्हणजे आज एक दिसतेय तेव्हा आणखी दोन-चार कोंबड्यांच्या अंगात विषाणू आधीच असू शकतो.

म्हणूनच वेगळं केल्यावर काम संपत नाही. उरलेल्या कळपाची रोज सकाळी, उजेडात, एकेक करून तपासणी करा. लांबून नजर फिरवणं म्हणजे तपासणी नव्हे. पापणीच्या कडेची पुळी हातात धरल्याशिवाय दिसत नाही.

कामाचा क्रम एकदा ठरला की मोडायचा नाही. आधी निरोगी कोंबड्यांचं खाद्य-पाणी-सफाई, मग आजारी कोंबड्यांचं, मग साबणानं हात धुणं आणि कपडे-चपला बदलणं. उलट केलं तर विषाणू तुम्हीच भांड्यांतून आणि हातांतून निरोग्यांकडे नेता.

आजारी कोंबडीला एकटी ठेवायची गरज नाही. दोघी-तिघी असतील तर एकत्र राहू द्या, एकटी पडलेली कोंबडी खाणं लवकर सोडते. पण त्यात एखादी टोचा मारणारी असेल तर ती बाजूला काढा. उघड्या जखमेतूनच विषाणू सहज आत शिरतो, आणि भांडकुदळ कोंबडी तेच दार उघडून देते.

तपासा: आज कोणती कोंबडी, कुठं पुळी, तोंड साफ की थर, वजन किती, हे वहीत तारखेसह लिहिलं का? पायात कडी घातली का? तीन आठवड्यांनी कोणती आधीची आणि कोणती नवी, हे आठवणीवर सांगता येत नाही.

आणि या दिवसापासून कोंबड्या, पिंजरे, अंड्यांचे ट्रे, उरलेलं खाद्य, काहीही कुणाला द्यायचं किंवा विकायचं नाही.

## टप्पा ३: अंधार पडायच्या आत डासांचा बंदोबस्त

डास आजारी कोंबडीचं रक्त पितो तेव्हा विषाणू त्याच्या सोंडेला लागतो, आणि पुढं कित्येक दिवस तो चावेल त्या कोंबडीला देवी देऊ शकतो. तुम्ही आजारी कोंबडी वेगळी केलीत आणि दोन्ही जागा डासांना मोकळ्या ठेवल्यात, तर वेगळं करण्याचा उपयोग निम्माच झाला.

पहिलं काम पाण्याचं. खुराड्याभोवती फिरा आणि साचलेलं सगळं पाणी उपडं करा: जुनी भांडी, टायर, ताडपत्रीच्या घड्या, झाडांच्या कुंड्यांखालच्या बशा, तुंबलेलं गटार. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून ही फेरी आठवड्यातून एकदा तरी व्हायलाच हवी. मी तरी वार ठरवून टाका म्हणेन, नाहीतर ती राहून जाते. कोंबड्यांचं पिण्याचं भांडं रोज रिकामं करून, घासून पुन्हा भरा. वरून भर टाकत राहू नका.

दुसरं काम जाळीचं. कोंबडीची साधी षटकोनी जाळी कोल्ह्या-मांजरांसाठी असते, डास तिच्यातून आरामात जातो. तिच्यावरून खिडकीला लावतात तशी बारीक मच्छरजाळी ताणून बसवा. कडा मोकळ्या सोडू नका. दाराच्या फटीत कापडाची पट्टी ठोका. सूर्य मावळायच्या थोडं आधी कोंबड्या आत घ्या आणि उजाडल्यावर बाहेर सोडा. वीज असेल तर झोपायच्या दांडीवर हलका वारा येईल असा पंखा लावा, डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही.

चूक: बंद खुराड्यात धूर करणं किंवा डासांची कॉइल लावणं. कोंबडीची श्वसनसंस्था नाजूक असते, आणि ओल्या देवीत श्वासाची वाट आधीच अरुंद झालेली असते. जाळी नसेल म्हणून धूर, हा सौदा तोट्याचा आहे.

चूक: झुरळ-डासांचा फवारा कोंबडीच्या अंगावर, खाद्यावर किंवा दांडीवर मारणं. पक्ष्यांसाठी चालणारंच औषध, बाटलीवर लिहिलेल्या मात्रेनं, आणि कोंबड्या बाहेर असतानाच वापरायचं.

रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या फटी आणि खालची बाजू बघा. रक्त पिऊन लाल झालेले बारीक किडे दिसले तर त्यांचाही बंदोबस्त करा, तेही विषाणू पसरवू शकतात.

## टप्पा ४: उरलेल्या कोंबड्यांना लस

इथं दोन टोकाच्या चुका होतात. काही जण "आता आजार आलाच, लसीचा काय उपयोग" म्हणून सोडून देतात. काही जण खपल्या आलेल्या कोंबडीलाच लस टोचतात.

देवी संथ पसरते, त्यामुळे सुरुवातीला ओळखली तर साथ चालू असतानाही लस कामाची असते. कळपातल्या साधारण ३० टक्क्यांहून कमी पक्ष्यांवर पुळ्या असतील तर बाकीच्यांना टोचून घेण्यात अर्थ आहे. त्याहून जास्त पसरली असेल तर फायदा कमी, तेव्हा पशुवैद्यकाशी बोलून ठरवा. ज्यांना पुळ्या आल्यात त्यांना लस देऊ नका. त्यांचं शरीर खऱ्या विषाणूशी झुंजतंच आहे, आणि बऱ्या झाल्यावर त्यांना बहुधा दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती मिळते.

पहिल्या दिवशीच पशुवैद्यकाला फोन करून लसीची व्यवस्था लावा. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, म्हणून उशीर महाग पडतो. लस शक्यतो त्यांच्याकडूनच टोचून घ्या. स्वतः टोचणार असाल तर क्रम असा:

१. लस जिवंत विषाणूची असते. आणताना आणि ठेवताना २ ते ८ अंश सेल्सियस, म्हणजे बर्फ घातलेला डबा किंवा फ्रिज. बाटली बर्फाला थेट चिकटवू नका, ऊन लागू देऊ नका.

२. मुदत बघा आणि बाटलीवर कोंबडीचं कोणतं वय लिहिलंय ते वाचा. मोठ्या कोंबड्यांची लस अगदी लहान पिल्लांना चालेलच असं नाही. पिल्लांसाठी सौम्य लस वेगळी मिळते.

३. सगळी तयारी झाल्यावर, कोंबड्या एका जागी कोंडल्यावरच लसीत सोबतचं द्रावण मिसळा. मिसळलेली लस दोन तासांच्या आत संपवायची. बाटलीवर त्याहून कमी वेळ लिहिला असेल तर तोच पाळा.

४. एकानं कोंबडी धरून पंख पसरायचा. पंखाच्या पुढच्या बाजूला, खांदा आणि मनगट यांच्यामध्ये त्वचेचा पातळ पडदा दिसतो. तिथली पिसं बाजूला सारा. शीर, हाड आणि स्नायू टाळून जागा निवडा.

५. लसीबरोबर येणारी दोन टोकांची सुई लसीत बुडवा, दोन्ही खाचा भरल्या ना बघा, आणि खालच्या बाजूनं पडद्यातून आरपार टोचा. प्रत्येक कोंबडीला सुई नव्यानं बुडवायची. शिरेतून रक्त आलं तर लस वाहून गेली असं समजा आणि दुसऱ्या पंखाला टोचा.

६. लस पिसांवर, तोंडावर, डोळ्यांवर सांडू देऊ नका. लसीचा विषाणूही तिथं पुळ्या आणू शकतो. ज्या हाताला लस लागली त्या हातानं कोंबडीचं डोकं धरू नका.

७. उरलेली लस आणि रिकामी बाटली जाळा किंवा जंतुनाशकात बुडवून मग टाका. बाटलीत बहुधा तुमच्या कळपापेक्षा कितीतरी जास्त मात्रा असतात. उरलेली "पुढच्या वेळेसाठी" फ्रिजमध्ये ठेवणं हा निव्वळ भ्रम आहे, मिसळलेली लस दुसऱ्या दिवशी निकामी असते.

सगळ्या निरोगी कोंबड्या एकाच दिवशी टोचा. निम्म्या आज, निम्म्या पुढच्या आठवड्यात, असं केलं तर लस दिलेल्यांच्या खपलीतला विषाणू बाकीच्यांपर्यंत पोचू शकतो.

तपासा: सात ते दहा दिवसांनी प्रत्येक कोंबडीचा पंख उघडून बघा. टोचल्या जागी बारीक गाठ किंवा खपली दिसली, म्हणजे लस उठली. काहीच नसेल तर लस बिघडली होती, सुई कोरडी गेली, किंवा त्या कोंबडीत आधीपासून प्रतिकारशक्ती होती. बऱ्याच कोंबड्यांत उठली नसेल तर नवी बाटली आणून पुन्हा टोचावी लागते. लस टोचणारे पुष्कळ, पण दहा दिवसांनी पंख उघडून बघणारे फारच थोडे.

टोचल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एखाद्या कोंबडीला पुळ्या आल्या तर घाबरू नका. तिला टोचायच्या आधीच लागण झालेली असण्याची शक्यता मोठी असते. अंडी देणाऱ्या कोंबड्यांची अंडी काही दिवस कमी होऊ शकतात. एरवी अंड्यावरच्या कोंबडीला लस टाळतात, पण साथीत हा तोटा सोसलेला बरा.

## टप्पा ५: आजारी कोंबडीची रोजची देखभाल

कोरड्या देवीत कोंबडी मेली तर ती बहुधा खपलीमुळे नव्हे, उपासमारीनं किंवा वरून झालेल्या जिवाणूंच्या संसर्गानं मरते. रोजचे कष्ट कुठं घालायचे, हे त्यावरून ठरवा.

### खाणं आणि पाणी

सकाळी पहिलं काम हे. नेहमीचं खाद्य कोमट पाण्यात भिजवून मऊ करा. कठीण दाण्यानं तोंडातले थर दुखतात, मऊ खाद्य गिळलं जातं. दोन-तीन तासांत खाल्लं नाही तर काढून टाका, ओलं खाद्य लवकर आंबतं. हिरवा पाला आणि गाजर बारीक करून घाला, अ जीवनसत्त्वानं त्वचा आणि तोंडाचं अस्तर भरून यायला मदत होते. जीवनसत्त्वाचं औषध देत असाल तर लिहिलेल्या मात्रेपुढं जाऊ नका, जास्तीचं अ जीवनसत्त्व अंगात साठून अपाय करतं.

डोळे बंद झालेल्या कोंबडीसाठी भांड्यांची जागा अजिबात बदलू नका. खाद्य आणि पाणी तिच्या छातीच्या उंचीवर, एकमेकांशेजारी ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा तिला उचलून भांड्यापुढं बसवा, भांड्यावर बोटानं टकटक करा, चोचीचं टोक पाण्यात बुडवा. एकदा जागा कळली की ती स्वतः खाऊ लागते.

रात्री दांडीवर बसल्यावर गळ्याखालची अन्नाची पिशवी चाचपा. भरलेली, मऊ लागली तर पोटात गेलंय. सपाट असेल तर दिवसभर भांड्याजवळ उभी दिसलेली कोंबडीही उपाशीच आहे. रोज ठरलेल्या वेळी वजन करा. सलग दोन-तीन दिवस घसरलं तर नळीनं भरवण्याबद्दल पशुवैद्यकाला विचारा.

सावधान: तोंड उघडं ठेवून धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या तोंडात सिरिंजनं पाणी किंवा औषध सोडू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, द्रव थेट फुफ्फुसात जातो. इतर आजारी कोंबडीलाही पाणी द्यायचं तर चोचीच्या कडेला थेंब थेंब, आणि ती गिळेपर्यंत थांबून.

### डोळे

पापण्या चिकटल्या तर दिवसातून दोनदा पुसा. गॉज मिठाच्या कोमट पाण्यात भिजवून बंद डोळ्यावर दोन-तीन मिनिटं नुसता धरा. घासू नका. चिकटा मऊ झाला की चोचीकडून कानाच्या दिशेला एकदा पुसा आणि बोळा फेका. दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा. पापणी उघडली नाही तर जबरदस्ती करू नका, संध्याकाळी पुन्हा भिजवा.

घरात कुणासाठी आणलेले डोळ्यांचे थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो. पापणीखाली पिवळा घट्ट गोळा साठलेला दिसला तर तो काढायचं काम पशुवैद्यकाचं.

### खपल्या

हात लावू नका. ओढलेल्या खपलीखाली रक्ताळलेली जखम उरते, जिवाणू तिथं घर करतात, माश्या बसतात, आणि तुमच्या नखातली खपली म्हणजे विषाणूची पुडी. खपली फुटून रक्त किंवा पू आला तरच पोविडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करून बोळ्यानं टिपा. डोळ्यांपासून दूर. तेल आणि जाडसर लेप टाळा, त्यावर धूळ आणि विष्ठा चिकटते.

गळून पडलेल्या खपल्या मात्र रोज हातमोजे घालून उचला आणि जाळा. कोरड्या खपलीत हा विषाणू कित्येक महिने जिवंत राहतो.

### तोंड आणि घसा

थर खरवडू नका. ते खालच्या अस्तराला घट्ट धरलेले असतात, ओढले की रक्त येतं, आणि सुटलेला तुकडा श्वासनलिकेत अडकू शकतो. श्वासाबरोबर शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येत असेल, मान ताणून तोंड उघडं ठेवत असेल, तुरा निळसर दिसत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यक. थर वाट अडवत असेल तर तो काढायचा की नाही, हे तेच ठरवतील. आणि कोंबडी गुदमरत असेल, वाचायची आशा नसेल, तर तिला वेदनेविना संपवण्याबद्दल मोकळेपणानं विचारा. ताटकळत ठेवण्यात दया नाही.

### प्रतिजैविक द्यायचं का?

देवीवर प्रतिजैविक चालत नाही. पू, दुर्गंधी, चेहऱ्याची सूज अशी जिवाणूंची लक्षणं दिसली तरच, आणि पशुवैद्यकानं सांगितलेलंच द्या. किती दिवस अंडी आणि मांस खायचं नाही, हे त्यांना तेव्हाच विचारून वहीत लिहा. प्रतिजैविक दिलं नसेल तर देवी झालेल्या कळपाची अंडी खायला हरकत नाही.

## टप्पा ६: खुराड्याची सफाई

साथ चालू असताना रोजची हलकी सफाई आणि शेवटची खपली पडल्यावर एकदा पूर्ण सफाई, अशी विभागणी करा. मधल्या काळात सगळं उपसून काढलं तर कोंबड्यांवर ताण येतो, आणि दुसऱ्या दिवशी नव्या खपल्या पडतातच.

कोरडा झाडू मारू नका. खपल्यांची धूळ हवेत उडते आणि कोंबड्यांच्या डोळ्यांत, नाकात जाते. आधी पाणी शिंपडा, मग ओला भुसा फावड्यानं ओढा. तो जाळा किंवा खोल पुरा. कोंबड्या चरतात त्या वाफ्यांत खत म्हणून टाकू नका. धुळीत लोळायच्या जागेकडे कुणाचं लक्ष जात नाही, पण गळालेल्या खपल्या तिथं सर्वांत जास्त मिसळतात. वरची माती काढून नवी भरा.

पूर्ण सफाईत क्रम असा: कोंबड्या बाहेर, भुसा बाहेर, ओलं करून खरवडणं, साबणाच्या पाण्यानं घासणं, धुणं, वाळवणं, आणि त्यानंतर जंतुनाशक. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक वाया जातं, आणि खपलीच्या आतल्या विषाणूला तर ते शिवतही नाही. नुसतं फिनाइल शिंपडून समाधान मानू नका, हा विषाणू त्याला बराच दाद देत नाही. धुतलेल्या पृष्ठभागावर घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग असं लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग धुऊन उन्हात कडक वाळवा. लाकडी दांडीच्या भेगा ब्रशनं घासा. दांडी फारच भेगाळली असेल तर बदला.

सावधान: विष्ठेवर किंवा अमोनियाचा वास येणाऱ्या ओल्या भुशावर ब्लीच ओतू नका, विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर, ॲसिड किंवा दुसऱ्या जंतुनाशकातही ते मिसळू नका. खुराडं पूर्ण वाळल्यावर आणि वास गेल्यावरच कोंबड्या आत सोडा.

सफाई करतानाच उघडी तार, खिळे, जाळीची टोकं वाकवून टाका. तुऱ्यावरचा प्रत्येक ओरखडा पुढच्या लागणीला वाट देतो.

मेलेली कोंबडी उघड्यावर किंवा कचऱ्यात टाकू नका. जाळा, किंवा विहीर-ओढ्यापासून लांब, कुत्रं उकरणार नाही इतक्या खोल खड्ड्यात चुना घालून पुरा.

## टप्पा ७: परत कळपात कधी?

एका कोंबडीचा आजार तीन-चार आठवड्यांत सरतो, पण संथ पसरल्यामुळे कळपातली साथ दोन-तीन महिनेही रेंगाळू शकते. कंटाळून लवकर सोडणं इथं हमखास होतं. परत सोडण्यापूर्वी चार गोष्टी बघा: सगळ्या खपल्या आपोआप गळाल्यात, खालची त्वचा कोरडी आणि गुलाबी आहे, तोंड साफ आहे, वजन घसरायचं थांबलंय. त्यानंतरही आठवडाभर थांबा.

सोडताना दोन-तीन कोंबड्या एकत्र, संध्याकाळी, दांडीवर बसायच्या वेळी सोडा. त्या दिवशी खाद्याची भांडी वाढवा. बरेच दिवस दूर राहिलेल्या कोंबडीला कळप परकी समजून टोचा मारतो.

बऱ्या झालेल्या कोंबड्यांपैकी काहींच्या अंगात विषाणू सुप्त राहू शकतो आणि ताणाच्या काळात पुन्हा डोकं वर काढू शकतो. तेवढ्यासाठी त्यांना मारून टाकायची गरज नाही, पण नवे पक्षी आणताना ही गोष्ट विसरायची नाही. शेवटची खपली पडल्यापासून महिनाभर नवी कोंबडी आणू नका. त्यानंतर आणाल ती निदान तीन आठवडे आधी लस टोचलेली, लस उठलेली, आणि तुमच्याकडे महिनाभर वेगळी ठेवलेली असावी.

## टप्पा ८: पुढच्या डासांच्या हंगामाआधी

ज्या जागेत एकदा देवी आल्या तिथं त्या पुन्हा येतात, असंच धरून चाला. नव्या पिढीतल्या तलंगांना, म्हणजे तरुण कोंबड्यांना, अंड्यावर यायच्या आधी आणि डास वाढायच्या निदान महिनाभर आधी लस टोचून घ्या. मागच्या साथीतून बऱ्या झालेल्यांना पुन्हा टोचायची सहसा गरज नसते. आपल्या कोणत्या कोंबड्या त्यांतल्या, हे वहीतल्या नोंदी आणि पायातल्या कड्या सांगतील. लसीची तारीख, बाटलीवरचा बॅच नंबर आणि किती जणींत लस उठली, हेही त्याच पानावर लिहा. पुढच्या वर्षी पुन्हा पुळ्या दिसल्या तर पशुवैद्यक पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारतील.